कमानीत बसवलेली सूचना

लोक सूचना वाचत नाहीत ही गंभीर बाब नागरी सुविधा खात्याच्या निदर्शनास आली, तेव्हा खात्याने लोकांच्या तक्रारी वाचणे बंद केल्याला बराच काळ लोटला होता. 'दार ओढा' असे लिहिलेले दार लोक ढकलत आणि ते उघडत नाही म्हणून खात्याच्या नावाने बोटे मोडत. 'पायरी निसरडी आहे' या पाटीच्या बरोबर खाली लोक घसरत, उठताना पाटीचाच आधार घेत आणि तरीही ती न वाचता निघून जात.

या सगळ्या सूचनांचे मसुदे लिहिणाऱ्या बाईंना खात्यात मसुदेबाई म्हणत. त्यांचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण हजेरीपटही कोणी वाचत नसे. बाई कामाला चोख. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस खड्ड्यात जाऊ शकतो, असे त्या मनापासून मानत. असे मानणाऱ्या त्या खात्यात एकट्याच होत्या, त्यामुळे त्यांना कोणी त्रास देत नसे.

खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ होता. तो कायम टपटपत असे, कारण पाणी पिऊन झाल्यावर तो नीट बंद करणे हे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नसे. 'वापरानंतर नळ बंद करावा' अशी सूचना बाईंनी लावली. मग तीच अधोरेखित करून लावली. मग 'कटाक्षाने' हा शब्द घालून लावली. नळ गळतच राहिला. शेवटी एका रिकाम्या दुपारी त्यांना खोडी सुचली. त्यांनी तीच सूचना अशी टाइप केली की अक्षरांचाच नळ झाला. वर चावी, पुढे वाकलेली तोटी, आणि तोटीतून 'बंद', 'करा', 'ना' असे शब्द थेंबाथेंबाने खाली पडताहेत. कागद भिंतीला चिकटवून त्या जागेवर येऊन बसल्या आणि स्वतःशीच हसल्या. उभ्या नोकरीत त्यांनी केलेली ही एवढीच चैन.

दुसऱ्या दिवशी नळापुढे गर्दी जमली. लोक पाणी प्यायचे, कागद न्याहाळायचे, "काय डोकं चालवलंय" म्हणायचे आणि नळ तसाच उघडा टाकून जायचे. बघण्याच्या नादात नळ आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ वाहू लागला.

गर्दी बघून साहेब आले. लोक त्यांच्यासाठी बाजूला झाले, पण कागदासमोरून हलले नाहीत. साहेबांनी बाईंना बोलावून घेतले.

"हे तुम्ही केलंत?"

"चुकलं साहेब. काढून टाकते."

"काढता कशाला? लोक थांबतायत, बाई. मी या खुर्चीत बसल्यापासून आपल्या सूचनेपुढे माणूस थांबलेला पाहिला नव्हता."

"पण साहेब, नळ चालूच आहे."

साहेबांनी नळाकडे पाहिले. नळ खरोखरच चालू होता.

"नळ हा दुरुस्ती विभागाचा विषय आहे," ते म्हणाले. "आपला विषय सूचना. सूचना यशस्वी झालेली आहे."

आठवडा उलटायच्या आत 'साकार लेखन धोरण' जाहीर झाले. यापुढे खात्याची प्रत्येक सूचना ज्या वस्तूबद्दल असेल त्या वस्तूच्या आकारात काव्यमय रीतीने लिहिली जावी, असे ठरले. धोरण कळवणारे परिपत्रक नमुना म्हणून गोल छापण्यात आले. गोल असल्यामुळे ते कुठून वाचायला सुरुवात करायची हे कोणालाच कळेना, तेव्हा ज्याने त्याने आपल्या सोयीने सुरुवात केली. खरेदी विभागाने 'तातडीने नवे सामान घ्यावे' इथून केली, दुरुस्ती विभागाने 'पुढील आदेश येईपर्यंत थांबावे' इथून केली. दोन्ही विभागांनी अंमलबजावणी लगेच सुरू केली.

धोरण आले म्हणजे सल्लागार आलाच. आकारसल्लागार म्हणून नेमलेले गृहस्थ स्वतः कवी होते. त्यांच्या संग्रहात शिडीच्या आकाराची कविता होती, खुर्चीच्या आकाराची होती, माशाच्या काट्याच्या आकाराची होती. संग्रह गावातल्या सगळ्या जाणकारांनी पाहिला होता. त्यातली एक तरी ओळ कोणाला आठवते का, हे विचारण्याचा असभ्यपणा आजवर कोणी केला नव्हता. सल्लागार गळ्यात एक मोजपट्टी आणि खिशात वेगवेगळ्या आकारांची भोके असलेला प्लास्टिकचा तुकडा घेऊन हिंडत. कुठलाही कागद हातात आला की तो हात लांब करून धरत आणि डोळे बारीक करत. डोळे बारीक केले की अक्षरे दिसत नाहीत, नुसता आकार दिसतो, हे त्यांचे तंत्र होते. काही दिवसांत सगळे खातेच डोळे बारीक करून कागद बघू लागले.

हळूहळू तक्रारीही आकारात मागवण्यात येऊ लागल्या. बंद दिव्याची तक्रार दिव्याच्या खांबासारखी हवी. एका गृहस्थाने फुटलेल्या गटाराची तक्रार पाइपच्या आकारात मोठ्या कष्टाने लिहून आणली. ती 'गळती आकारात स्पष्ट होत नाही' या शेऱ्यासह परत गेली. गृहस्थ दुसऱ्या खेपेला मधले शब्द गाळून आले. आता गळती स्पष्ट झाली, पण गटार कुठल्या गल्लीतले ते शब्द गळून गेले होते. खात्याने त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. खात्यातल्या एकाने पोटदुखीची रजा पोटाच्या आकारात मागितली, तर ते पोट की भोपळा यावर बैठक झाली. बैठक संपेपर्यंत त्याचे पोट बरे झाले होते, त्यामुळे रजा नामंजूर करणे सोपे गेले.

मसुदेबाई हे सगळे बघत होत्या. आपल्या एका खोडीचे हे एवढे मोठे झाड झालेले पाहून त्यांना आधी हसू आले, मग लाज वाटली, आणि मग सवय झाली. सवय मोडली ती पुलाच्या अभियंत्याने.

गावाच्या मधून कालवा जात होता आणि कालव्यावर एक लोखंडी पादचारी पूल होता. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला बस थांबा. अभियंता हा हळू बोलणारा माणूस. तो बाईंच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "बाई, मधले सांधे पार कुजलेत. पूल कधीही बसेल."

"मग बंद करा की."

"बंद करायचा अधिकार वरच्या कार्यालयाला. मी अहवाल पाठवला होता. निराकार म्हणून परत आला." त्याने तो कागद दाखवला. त्यावर खरोखरच लाल शाईत 'निराकार' लिहिले होते. "आपल्या हातात सूचना लावणं तेवढं आहे. तुम्ही लिहा. तुमचं लोक बघतात."

बाईंनी हातातले काम तिथेच ठेवले. कारण पुलाच्या जिन्याखालच्या कोनाड्यात त्यांचे वडील बसत.

वडील बॅगांच्या चेन बदलून देत, फाटलेले बंद शिवून देत. एक शिवणयंत्र, एक स्टूल, दोरीवर लटकवलेल्या रंगीबेरंगी चेन, एवढा संसार. त्या संध्याकाळी बाई घरी जाण्याआधी थेट तिथे गेल्या.

"अप्पा, उद्यापासून इथे बसू नका. पूल पडणार आहे."

अप्पांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मगच वर पाहिले. "लिहून आलंय का?"

"मी सांगतेय ना."

"तू सांगतेस ते मुलगी म्हणून. खात्यानं कळवायला हवं. मागे कोणी तरी म्हणालं रस्ता रुंद होणार, म्हणून मी शहाण्यासारखा आधीची जागा सोडली. रस्ता आहे तेवढाच राहिला आणि माझ्या जागेवर किल्ल्या बनवणारा बसला. अजून उठलेला नाही तो. लेखी येऊ दे. नंबर घातलेलं येऊ दे. मग उठतो आणि दुसरी जागाही मागतो. हक्कानं."

यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. आयुष्यभर बाईही हेच मानत आल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी मसुदा लिहिला. 'हा पूल धोकादायक झाला आहे. कोणीही पुलावर जाऊ नये. पुलाखाली बसू नये. पूल कोणत्याही क्षणी कोसळू शकतो.' त्यात एकही शब्द जास्त नव्हता आणि एकही कमी नव्हता. आपण आजवर लिहिलेली ही सर्वांत चांगली सूचना आहे असे त्यांना वाटले.

सल्लागारांनी ती हात लांब करून धरली आणि डोळे बारीक केले.

"बाई, ही तर चार काड्या ठेवल्यासारखी दिसते. पूल कुठाय?"

"कालव्यावर आहे."

"कागदावर कुठाय? आपल्या पुलाला कमान आहे, कठडे आहेत, खाली पाणी आहे. पाण्यात सावली आहे. केवढं काव्य वाया चाललंय."

दुपारभर दोघे कागदावर वाकून बसले. 'धोकादायक' या शब्दाने कमानीला पोक येते, असे सल्लागारांचे म्हणणे पडले. त्याऐवजी 'नाजूक' चालेल का, असे त्यांनी विचारले. बाईंनी ठाम नकार दिला. 'कोसळू शकतो' हे शब्द खालच्या बाजूला लोंबत होते. ते पुलाखालच्या वेलीसारखे दिसतील, असे सांगून बाईंनी ते वाचवले. एकेका शब्दासाठी त्या भाजीवालीशी घासाघीस केल्यासारख्या भांडल्या आणि शेवटी सगळे शब्द राखले. त्या बदल्यात अक्षरे मुंगीएवढी झाली. 'जाऊ नये' हे पुन्हापुन्हा लिहून कठड्याच्या जाळ्या झाल्या. सगळा मजकूर पाण्यात उलटा उमटला. जावक क्रमांक कुठे बसेना, तेव्हा सल्लागारांनी त्याचे सुटे आकडे करून कठड्यावर पक्षी बसवले.

"आता बघा," सल्लागार म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले. "यात आता वाचायचं काही उरलंच नाही."

पाटी तयार झाली. ती जिन्याच्या पायथ्याशी लावावी, असा बाईंचा आग्रह होता. पण जिन्यापाशी उभे राहून खरा पूल आणि अक्षरांचा पूल एकाच नजरेत येत नव्हते. तसा संगम फक्त पुलाच्या बरोबर मध्यावर उभे राहिल्यास दिसत होता. म्हणून पाटी पुलाच्या मध्यावर लावण्यात आली.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. ज्यांना कधी कालवा ओलांडायचा नव्हता तेही पुलावर येऊ लागले. लग्न ठरलेली जोडपी पाटीला टेकून फोटो काढून घेऊ लागली. शाळेच्या बाईंनी वर्गच्या वर्ग आणला आणि मुलांना रांगेने मधोमध उभे केले. पूल करकरू लागला, तेव्हा एक काका कौतुकाने म्हणाले, "वा, आवाजाचीही सोय केलीय."

बाई रोज जेवणाच्या सुटीत धावत पुलावर जात. "अहो, त्यावर काय लिहिलंय ते वाचा ना," असे त्या एका कुटुंबाला म्हणाल्या.

"वाचायचं काय त्यात? दिसतंय की," कुटुंबप्रमुख म्हणाले.

"पूल पडणार आहे असं लिहिलंय."

"हो ना, फार बोलकं आहे," असे म्हणून त्यांनी बाईंच्या हातात फोन दिला. "तेवढा आमचा एक काढता का? पाटी पूर्ण येऊ द्या."

आणि बाईंनी तो काढून दिला. काय करणार, माणसे भली होती आणि हसत होती.

अप्पांनी तर कहरच केला. पाटीची छोटी प्रत मिळवून त्यांनी ती चौकटीत बसवली आणि शिवणयंत्राच्या वर टांगली. चेन बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत. "मुलीनं केलंय. खात्यात आहे ती."

"अप्पा, आता तरी उठा. लेखी आलंय."

"हे?" अप्पांनी चौकटीवरची धूळ बोटाने पुसली. "ही तर कविता आहे गं."

"त्यात लिहिलंय ना, कोसळेल म्हणून."

"कवितेत असतंच तसं. कवितेत काळीज फुटतं, आभाळ कोसळतं. ते खरं मानून माणसं उठून जायला लागली तर जगात एक दुकान उघडं राहायचं नाही. तू छान लिहिलंयस. पण जागा सोडायची तर मला नोटीस हवी."

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सूचना लिहिल्या आणि स्वतःच्या बापाला एक सूचना पोहोचवता येत नाही, या विचाराने बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. अप्पांना वाटले, कौतुक ऐकून आले.

खात्यात मात्र आनंदीआनंद होता. सर्वाधिक लोक थांबलेली सूचना म्हणून या पाटीचा सत्कार करायचे ठरले. सत्कार सूचनेपाशीच होणे उचित, म्हणून कार्यक्रम पुलावर ठेवण्यात आला. खुर्च्या मांडायच्या, व्यासपीठ उभारायचे, कर्णे लावायचे. हे ऐकून अभियंता धावत साहेबांकडे गेला आणि त्याच्या कुवतीप्रमाणे ओरडला, म्हणजे साधारण आपण बोलतो तेवढ्या आवाजात बोलला.

"साहेब, पूल मध्ये वाकलाय. डोळ्यांना दिसतंय."

साहेब चिंतेत पडले. त्यांनी सल्लागारांना बोलावले. सल्लागार पुलावर जाऊन, डोळे बारीक करून परत आले.

"खरं आहे. पाटीवरची कमान आणि पुलाची कमान आता जुळत नाही. कार्यक्रमाआधी दुरुस्ती करावी लागेल."

"करा, ताबडतोब करा," साहेब म्हणाले.

रातोरात पाटीवरची कमान थोडी वाकवून घेण्यात आली.

कार्यक्रमाच्या दिवशी पूल माणसांनी फुलून गेला. खुर्च्यांवर मान्यवर, कठड्याला टेकून नागरिक, जिन्यावर नागरिकांचे नातेवाईक. एक कर्णा बाजाराच्या तोंडाशी बांधला होता आणि दुसरा जिन्याखाली, नेमका अप्पांच्या डोक्यावर. सगळ्यांची भाषणे आकारावर झाली. पाय आपटून दाद देणाऱ्यांमुळे पूल आणखी दोन बोटे खाली गेला. शेवटी मसुदेबाईंना चार शब्द बोलायला सांगितले.

बाई उठल्या. त्यांना भाषण येत नव्हते. त्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी पर्समधून आपला पहिला, सरळ ओळींचा, मागाहून जावक क्रमांक घातलेला मसुदा काढला आणि माइकसमोर धरला. पूल रिकामा कसा करावा, याचा विचार त्यांनी केला नव्हता. निदान एकदा तरी ही सूचना कोणाच्या तरी कानावर पडावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

"नागरी सुविधा खाते," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "जावक क्रमांक सातशे बारा. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की."

पुलावर एक बारीक हालचाल झाली. बाई कागद धरून उभ्या आहेत आणि वाचताहेत, हे लोकांच्या लक्षात आले. कविता बघायला ते केव्हाही तयार होते. ऐकायची म्हणजे निराळी गोष्ट होती. मागच्या रांगेतली दोन माणसे वाकून, दुसऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने निघाली. एका बाईला घरी गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. तिच्या शेजारणीलाही तिच्याच गॅसची आठवण झाली.

"हा पूल धोकादायक झाला आहे."

"लांबणार बहुतेक," कोणी तरी कुजबुजले. कठड्याजवळचे नागरिक भराभर पातळ झाले. शाळेच्या बाईंनी मुलांना दोन दोनच्या रांगेत लावून काढता पाय घेतला. साहेबांना अत्यंत महत्त्वाचा फोन आला आणि ते तो उलटा धरून बोलत बोलत जिना उतरले. सर्वांत आधी खरे तर सल्लागारच गेले होते. दुसऱ्याची कविता ऐकण्याची त्यांना कधीच सवय नव्हती.

"कोणीही पुलावर जाऊ नये. पुलाखाली बसू नये."

बाईंनी कागदावरून मान वर केली तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या. आपले कोणीही ऐकले नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. तरी मसुदा अर्धवट सोडायचा नाही म्हणून त्यांनी शेवटचे वाक्यही वाचले आणि मग जिन्याकडे वळल्या.

जिन्यात अप्पा उभे होते. हातात कात्री, गळ्यात चेनची माळ, तोंडावर भलताच राग.

"जावक क्रमांक आहे याला?"

"आहे, अप्पा."

"कुठे होता?"

"पक्षी आहेत ना कठड्यावर, तो."

"ऐकायला तर ही अगदी नोटीस वाटते."

"नोटीसच आहे, अप्पा. पहिल्यापासून."

"मग आधी नाही का सांगायचं?" अप्पा म्हणाले. "माणूस इथे जिवानिशी जायचा. चल, यंत्र उचलू लाग."

बाईंनी पदर खोचला आणि यंत्राची एक बाजू धरली. दुसरी अभियंत्याने धरली. भाषणे सुरू झाल्यापासून तो जिन्याखाली घाबरून उभा होता, कारण पूल सोडून जाणे त्याच्या मनाला पटत नव्हते आणि पुलावर जाणे त्याच्या हिशेबात बसत नव्हते. स्टूल, दोऱ्या, चेनचे झुबके, सगळे बाजाराच्या कोपऱ्यावर आले. अप्पा चौकट आणायला परत वळले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. चौकट तिथेच राहिली.

मग पूल बसला. फार आवाज न करता, दिवसभर उभा राहिलेला माणूस बसावा तसा तो मधोमध कालव्यात बसला. त्याच्याबरोबर खुर्च्या गेल्या, व्यासपीठ गेले आणि पाटीही गेली. माणूस एकही गेला नाही. अप्पांनी बाईंच्या हाताची पकड सैल होऊ दिली नाही, आणि बाईंनीही हात सोडला नाही. पाण्यावर थोडा वेळ खुर्च्या तरंगत राहिल्या.

चौकशी झाली. समितीने सखोल अभ्यास करून ठपका ठेवला तो असा: सूचनेचा आकार अखंड पुलाचा असून प्रत्यक्षात पूल अखंड नाही, सबब सूचना दिशाभूल करणारी आहे. मसुदेबाईंनी आपला खुलासा कोणत्याही मान्य आकारात सादर करावा. बाईंनी सरळ ओळींत लिहिला. तो 'निराकार' शेऱ्यासह परत आला. त्यांनी पुन्हा सरळ ओळींत लिहिला. हे अजून चालू आहे. सल्लागारांचा पुढचा संग्रह मात्र आला. त्यात मोडक्या पुलाच्या आकाराची एक कविता आहे आणि ती सगळ्यांनी पाहिली आहे.

अप्पांनी जावक क्रमांकाच्या जोरावर भांडून दुसरी जागा मिळवली. एका चार मजली इमारतीच्या जिन्याखाली आता त्यांचे यंत्र चालते. जागा घेतली त्या दिवशी स्टूल मांडण्याआधी त्यांनी जिन्याजवळची पाटी मोठ्याने वाचून काढली, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत. मग थोडा विचार करून त्यांनी स्टूल दोन हात पलीकडे मांडले. तेव्हापासून त्यांना एक खोड लागली आहे. कोणी चेन बदलायला आले की ते काम हातात घेतात आणि सहज विचारतात, "तुमच्याकडे जिन्यापाशी पाटी आहे ना?"

"आहे ना."

"रोज दिसते?"

"रोज. लाल आहे. एक कोपरा तुटलाय तिचा."

"काय लिहिलंय?"

माणूस हसतो. मग आठवू लागतो. अप्पा चेन बसवून, मागेपुढे ओढून बघून, बॅग हातात ठेवतात, तरी तो आठवतच असतो.

तुमचीही बॅग अप्पांच्या हातात आहे असे धरा. तुम्ही आता जिथे बसून ही गोष्ट वाचली, त्या इमारतीच्या जिन्याशीही एक पाटी आहे. रंग तुम्हाला ठाऊक आहे. काय लिहिलंय?